चोचीसमोरची जागा

माझ्या साडूंइतका निर्दय माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. एरवी ते मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करतात. पण फोटोत आलेल्या नको त्या वस्तूवर त्यांनी कधी दया दाखवलेली नाही. मनमाडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभी हयात काढून ते निवृत्त झाले, नाशिकला इंदिरानगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहायला आले आणि हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन बसले. तेव्हापासून दर रविवारची माझी पहाट, माझी गाडी आणि माझी झोप त्यांच्या ताब्यात गेली. एरवी गाड्यांनी तुंबलेला द्वारकेचा चौक रिकामा बघण्याचं भाग्य फार थोड्या नाशिककरांना लाभतं. मला ते दर आठवड्याला लाभायचं, आणि मला ते अजिबात नको होतं.

मागच्या सीटवर ताई असायच्या. माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणून माझ्याही ताईच. मांडीवर पिशवी, पिशवीत थालीपिठं, चहाचा थर्मास आणि बडीशेपेची डबी. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात पाण्याशी पोचलो की साडू लेन्स पुसत बसायचे आणि तेवढ्यात ताईंना पक्षी दिसलेला असायचा. "ती बाभूळ बघा. खालून दुसरी फांदी," असं त्या हळूच सांगायच्या, आणि स्वतःला नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे व्हायच्या. त्या दोन पावलांत त्या नेमक्या फोटोत यायच्या. साडू कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणायचे, "सरक थोडी. तू फ्रेमात येऊ राहिली." ताई सरकायच्या. हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कुणी नुसतं 'सरक' म्हटलं तरी मला चिखलाचा आणि चहाचा वास येतो.

साडूंचे नियम मोजके होते, पण ते सगळ्या सृष्टीला लागू होते. पक्षी फोटोच्या मधोमध नको, एका बाजूला हवा. त्याचा डोळा स्वच्छ हवा. डोळा धूसर असेल तर मोर असला तरी फेका. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे चोचीसमोर जागा. पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडे मोकळी जागा सोडलीच पाहिजे, नाहीतर तो भिंतीवर नाक आपटल्यासारखा दिसतो. हे सगळं पक्ष्यांपुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण एका वर्षी त्यांनी गणपतीसुद्धा मखराच्या मधोमध न बसवता उजवीकडे सरकवून बसवला. बाप्पांच्या सोंडेसमोर जागा हवी म्हणाले. आरतीला आलेले लोक नक्की कुठं बघून टाळ्या वाजवाव्यात या गोंधळात पडले. ताईंनी आरती संपेपर्यंत वाट पाहिली, मग अक्षता वाहताना मूर्ती हलकेच मध्ये आणली आणि वर त्याच हाताने नमस्कार केला.

घरी आल्यावर खरी कत्तल सुरू व्हायची. कॉम्प्युटरसमोर बसून साडू आडवी काडी पुसायचे, विजेची तार पुसायचे, पाण्यात तरंगणारी पिशवी पुसायचे. एकदा त्यांनी होडी आणि होडीतला कोळी दोन्ही पुसले. पाण्यात त्याची सावली तेवढी राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी पुसली. नातेवाइकांनीही हौसेनं आपापले फोटो त्यांच्याकडे 'जरा बघून द्या' म्हणून पाठवायला सुरुवात केली. माझ्या मुलाच्या लग्नातल्या फोटोत सासूबाई आशीर्वाद देताहेत, तर त्यांचा हातच छाटून आला. हात फार पसरट येत होता, असं उत्तर मिळालं. एकदा चक्रवाकांची जोडी छान टिपली होती, त्यातली मादी त्यांनी पुसून टाकली, कारण तिनं पाठ केली होती. ताई चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिनं काय वाईट केलं होतं तुमचं?" साडूंना प्रश्न कळला नाही. ते नराच्या डोळ्यातली चमक वाढवत होते.

आणि यावर कडी म्हणजे, सुधारलेला फोटो ते मूळ फोटोच्याच जागी साठवायचे. मूळ उरायचाच नाही. मी एकदा म्हणालो, अहो, एक प्रत तरी ठेवा, उद्या लागली तर? त्यावर ते म्हणाले, "पाहुणे, चुका कोणी जपून ठेवतं का?" सिग्नल खात्यातल्या माणसाला हे पटणं साहजिक होतं. मीही गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं, असं आता फार वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ताई गेल्या. दवाखान्यात नेलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. दहाव्याला ठेवायला फोटो हवा होता. बायकोनं मला साडूंकडे पाठवलं आणि आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसलो. हजारो पक्षी होते. खंड्या होता, वेडा राघू होता, एकाच शेकाट्याचे चाळीस फोटो होते आणि चाळीसही स्वच्छ होते. ताई कुठंच नव्हत्या. एका फोटोच्या कडेला पुसायचा राहिलेला पदराचा तुकडा होता, दुसऱ्यात थर्मासचं झाकण धरलेली दोन बोटं. साडू त्या बोटांवर बराच वेळ थांबले. मग पुढचा पक्षी आला.

आमच्या मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्येही त्या पंगतीत वाढताना पाठमोऱ्याच होत्या. शेवटी माझ्या बायकोच्या मोबाइलमध्ये हळदीकुंकवाचा एक फोटो मिळाला, आठ बायकांच्या घोळक्यातला, बारीकसा. तो घेऊन मी द्वारकेजवळच्या एका स्टुडिओत गेलो. त्या माणसानं तासाभरात काम करून दिलं. ताईंचा चेहरा कापून घेतला, खाली कुठलीशी भरजरी साडी जोडली, गळ्यात मोत्यांचा सर घातला, मागं निळं आकाश दिलं. कपाळावरच्या आठ्या आणि हनुवटीवरचा तीळ त्यानं आपणहून काढून टाकला होता. साडूंनी फोटो हातात धरला. मला वाटलं, निदान हे काम त्यांना पसंत पडेल, सगळे नियम पाळले होते. ते म्हणाले, "लय साफ केलं हो हिला. काहीच नाय ठेवलं." आणि मांडीवर फोटो उपडा ठेवून ते रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. दहावा त्याच फोटोवर झाला.

त्यानंतर रविवार बंद पडले. मला पहाटे झोपायला मिळू लागलं आणि झोप येईनाशी झाली. मी त्यांच्याकडे जायचो, ते कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडून कडा तपासत बसलेले असायचे, कापलेलं परत जोडता येतं का म्हणून. येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी ते बसायचे. पक्षिप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी फोटो टाकला की पूर्वी त्यांचा एका शब्दात निकाल यायचा, 'शेपूट' किंवा 'फांदी'. आता ते नुसता नमस्कार टाकायचे, आणि लोकांना त्या नमस्काराची जास्त भीती वाटायची.

संक्रांतीच्या सुमारास बायको त्यांचं स्वयंपाकघर आवरायला गेली. ताईंच्या पिशवीतल्या बडीशेपेच्या डबीत तिला कॅमेऱ्याचं कार्ड सापडलं. साडूंना ते लगेच ओळखू आलं. सगळे फोटो बिघडले म्हणून हे त्यांनी एका रविवारी फेकून द्यायला सांगितलं होतं. ताईंनी ते फेकलं नव्हतं. त्या काहीच फेकत नसत. कार्डात एकच बगळा होता आणि तो प्रत्येक फोटोत धूसर होता, कारण कॅमेऱ्यानं दरवेळी त्याला सोडून मागचं स्पष्ट धरलं होतं. मागं बंधाऱ्यावर ताई उभ्या होत्या. एका हातात थर्मास, वाऱ्यानं विस्कटलेले केस, तीळ, आठ्या, सगळं जागेवर. डोळे स्वच्छ. त्या डावीकडे वर काहीतरी बघत होत्या आणि हसत होत्या.

इतकी वर्षं शिकवणी घेतलेला मी म्हणालो, निदान पुढचा बगळा तरी काढू या. साडू म्हणाले, "राहू द्या. काहीच कापायचं नाय." मग पडद्याच्या डाव्या कडेला बोट लावून म्हणाले, "तिला काय दिसलं होतं तिकडं, मी विचारलंच नाय, पाहुणे. मी बगळ्यातच होतो."

तो फोटो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे, धूसर बगळ्यासकट. भिंतीच्या मधोमध नाही, अगदी उजवीकडे. डावीकडचं घड्याळ त्यांनी काढलं, कॅलेंडर स्वयंपाकघरात नेलं, टीव्हीचं कपाटसुद्धा मला आणि शेजाऱ्याला लावून हलवलं. अर्धी भिंत मोकळी आहे. नवीन माणसाला वाटतं, रंग द्यायचं काम चालू असावं.

परवा रविवारी गेलो होतो. साडूंनी चहा आणला, मी नकळत त्या मोकळ्या भिंतीला टेकून खुर्चीवर बसलो. साडू एकदा फोटोकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. शेवटी अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "पाहुणे, थोडे सरका. तिच्या समोर येऊ राहिले तुम्ही."

मी कप उचलला आणि सरकलो.