झेंडूच्या फुलांत वाजणारा फोन

नोकरीत केलेले बहुतेक पंचनामे मी विसरलो. ती सकाळ मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नाशकात मोबाइल नुकते घरोघरी येऊ लागले होते, त्या वर्षांतला हिवाळा. अपघाताची वर्दी मिळाली म्हणून मी एका हवालदाराला घेऊन मखमलाबाद रस्त्याला निघालो. धुकं इतकं दाट होतं की द्राक्षबागा, विजेचे खांब, माणसं सगळं विरघळून गेल्यासारखं वाटत होतं. पुढे रस्ताभर झेंडू पसरला होता. तेवढाच एक रंग. आणि त्या फुलांत कुठेतरी एक मोबाइल वाजत होता.

मी तो उचलला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "बाबा, मघाशी फोन मध्येच का कापला?" मी बाबा नव्हतो.

घडलं होतं ते असं. फुलांची पाटी घेऊन रिक्षाची वाट पाहणाऱ्या एका शेतकरी बाईला जीपने उडवलं होतं. तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. जीपमध्ये एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या छातीत डाव्या बाजूला पेसमेकर बसवलेला, त्याच्याच तपासणीसाठी ते शहरात निघाले होते. जीप चालवणारा त्यांचा जुना विद्यार्थी. मोबाइल गुरुजींचा, लेकीने घेऊन दिलेला. तिघांनाही आमच्या आधीच लोकांनी दवाखान्यात नेलं होतं.

चालकाने जबाबात सांगितलं की गुरुजींच्या मोबाइलमुळे पेसमेकर बंद पडला, त्यांना भोवळ आली आणि ते स्टेअरिंगवर कोसळले. गुरुजींनीही तेच सांगितलं. मोबाइल हृदयाचं यंत्र बंद पाडतो, अशी बोलवा तेव्हा होतीच. आमच्या ठाणे अंमलदारानेही खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. कागदोपत्री प्रकरण मिटल्यातच जमा होतं.

दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरचा एक चहावाला ठाण्यात आला. म्हणाला, जीप माझ्या टपरीजवळून गेली तेव्हा ड्रायव्हरचं डोकं अर्धं खिडकीबाहेर होतं आणि फोन उजव्या कानाला होता.

मी आधी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी गुरुजींच्या छातीवर एक चकतीसारखं उपकरण धरून पेसमेकरमधली नोंद वाचली. अपघाताच्या सकाळी ते यंत्र एकदाही अडखळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फोन छातीवरच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून निदान वीतभर लांब असावा आणि बोलताना विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. एवढं पाळलं की पुरे. मग मोबाइल कंपनीकडून कॉलचा तपशील मागवला. अपघाताच्या वेळी फोन चालू होता.

चालकाला समोर बसवलं. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "डोकं खिडकीबाहेर कशाला काढलं होतंस?"

तो म्हणाला, "साहेब, गुरुजींच्या यंत्राला लागू नये म्हणून फोन जमेल तेवढा लांब धरला होता."

एका धोक्यापासून गुरुजींना जपताना त्याने एका हाताने, मान वाकडी करून, धुक्यात गाडी चालवली होती.

दवाखान्यात गुरुजींकडे गेलो तेव्हा ते खिडकीतून बाहेर पाहत होते. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. फोन भीतीपोटी त्यांनीच चालकाकडे दिला होता. लेकीचा फोन आहे, उचल, असं सांगणारेही तेच. "मी उचलायला लावलं आणि शिक्षा त्याला? म्हणून खोटं बोललो," ते म्हणाले. "आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं."

जबाब नव्याने लिहून त्यांनी सही केली. मग मला म्हणाले, मला त्या बाईंकडे घेऊन चला.

महिलांच्या वॉर्डात तिचा पाय वजन लावून ताणून ठेवला होता. गुरुजी खाटेपाशी उभे राहिले आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. माफी मागितली. ती छताकडे पाहत ऐकत होती.

पुढे चालकाला शिक्षा झाली. ती बाई लंगडत का होईना, चालू लागली. माझ्यापुरतं सांगायचं तर, भीतीने खोटं बोलणारा माणूस मी लगेच ओळखायचो. मायेने खोटं बोलणारा ओळखायला मला चहावाला लागला. आणि त्यानंतर अपघाताच्या प्रत्येक जबाबात मी एक प्रश्न न चुकता विचारू लागलो, फोन कुठे होता?

पण शिकलो ते खरं त्या बाईकडून. गुरुजींचं बोलणं संपल्यावर तिने छतावरची नजर त्यांच्याकडे वळवली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "गाडी थांबवायची ना गुरुजी. फोन काय, परत आला असता."