चौदा फलकांचं गाठोडं

शकूचा दिवस साडेचारला, नळाला पाणी यायच्या आधी, सुरू व्हायचा. सातला ती शीळफाट्याजवळच्या फ्लेक्स छपाईच्या दुकानात हजर. सहा वर्षं तिनं फ्लेक्सचे रोल खांद्यावर वाहिले, कडांना भोकं पाडली, त्यांत कड्या ठोकल्या. प्रिंटर मात्र नाथा चालवायचा. नाथा नोकरी सोडून गावी गेला, तेव्हा मालक अण्णा म्हणाले, "टिटवाळ्याच्या इमारतीचे चौदा फलक आज संध्याकाळी टेंपोत चढले, तर प्रिंटर तुझा. नाहीतर उद्या दुसरा माणूस बघतो."

सगळ्या फलकांवर चित्र एकच, बदलायचा तो फक्त मजल्याचा आकडा. फलकांच्या फाइली ठाण्याहून चित्रं बनवणारी नीरजा पाठवणार होती. दुकानातलं नेट रडतखडत चालायचं, म्हणून शकूनं फोन केला, "नीरजाताई, फाइल लहान होईल असं, होईल तेवढं घट्ट बांधून पाठवा हं."

नीरजानं असं बांधलं की चौदा फलक जेमतेम एकाच्या जागेत मावले. फाइल झटकन उतरली. शकू खूश. उघडायला गेली, तर कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर म्हणाला, मेमरी अपुरी.

"अहो, एवढीशी तर फाइल आहे!" शकू फोनवर वैतागली.

"म्हणून तर अडली," नीरजा हसली. "दुसऱ्या फलकात चित्र नाहीच आहे. 'पहिल्यासारखंच' एवढंच लिहिलंय. उघडताना कॉम्प्युटरला अख्खा पहिला फलक डोक्यात धरावा लागतो. तुमच्या डब्याला तेवढं डोकं कुठाय?"

"अण्णांचा पत्त्यांचा खेळ यावरच उघडा आहे, तो बंद केला तर?" शकूनं विचारलं.

गल्ल्यावरून अण्णा ओरडले, "अगं, डाव अर्धा ठेवलाय, जिंकतोय मी!"

शकूनं डाव बंद केला, गाणी बंद केली. तरी भागेना.

"कमी मेमरीत उघडेल असं बांधते," नीरजा म्हणाली. "पण मग त्याला फार मागचं आठवणार नाही. प्रत्येक फलक पूर्ण येणार. ओझं वाढेल, वेळही जाईल."

"मग एकेक सुटा पाठवा ताई. एक छापेपर्यंत दुसरा उतरेल."

पहिला फलक उतरला, उघडला, छापायला लागला. शकू बसलीच नाही. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातानं ओला फलक वाऱ्यावर धरलेला. छापून झालेला फलक वाळला की कड्या ठोकायच्या, तोवर पुढचा तयार. तेराव्या मजल्याच्या फलकाला नेट बंद पडलं, तेव्हा तिनं अण्णांचा मोबाइल काढून घेतला आणि त्याचं नेट जोडलं. शेवटच्या फलकाच्या कड्या तिनं टेंपोच्या फळीवर ठोकल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

टेंपो गेला. अण्णा म्हणाले, "उद्या सातला ये. प्रिंटरवर."

"येते. भोकं पाडायला कोणीतरी बघा."

प्रिंटरवरचे चार पगार साठल्यावर शकूनं आईला, हौसाबाईंना, दातांची कवळी करून दिली. दवाखान्यातून निघताच हौसाबाईंनी भाजलेले चणे घेतले, आणि डोंबिवलीचं घर येईपर्यंत पुडी कोणाच्या हाताला लागू दिली नाही.