खळीचं पातेलं

तीन आठवड्यांपूर्वी श्रीरामपूरहून डॅनियलचा फोन आला. "ताई, मावशी गेली..." त्याची मावशी म्हणजे आमच्या एस्तेरबाई. मग तो म्हणाला, "शिकवणीची खोली रिकामी करायचीय. भिंतीवरचे कागद खरवडू का?" मी म्हटलं, थांब, मी येते.

नववीत मला एडीएचडी असल्याचं निदान झालं. त्याआधी शाळा मला आळशी म्हणायची; नंतरही म्हणायची, फक्त आवाज खाली आणून. मुख्याध्यापकांनी बाबांना सांगितलं, दहावीला हिचा सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू दे, आमचा निकाल पडतो. ज्या मुलांना शाळेची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच दाराबाहेर काढायचं आणि त्याच दारावर शंभर टक्के निकालाचा फलक लावायचा! हे मला आजही शांतपणे लिहिता येत नाही.

बाई निवृत्त शिक्षिका. घराच्या पुढच्या खोलीत अशाच मुलांना शिकवायच्या. पहिल्या दिवशी विचारलं, "आवडीनं काय वाचतेस गं?"

"पत्रकं." बाबा चळवळीतले, घरात गठ्ठे पडलेले असायचे. "एका पानात संपतात."

बाई हसल्या नाहीत. "मग धड्याचं पत्रक काढ. स्टँडवरच्या माणसानं थांबून वाचलं पाहिजे."

तेव्हापासून प्रत्येक धडा एका पानात, मैद्याच्या खळीनं भिंतीवर. उभ्यानं लिहा, मधेच अंगणात चक्कर मारा, काही हरकत नसे. प्रकाशसंश्लेषणावर मी लिहिलं, "जाहीर निषेध! राबतं पान, खातं झाड!" बाई म्हणाल्या, "घोषणा झकास. कार्बन डायऑक्साइड कुठंय, पुढारीणबाई?" तो पत्रकात येईपर्यंत खळीचं पातेलं मागं ओढून बसल्या. सहामाहीत पास झाले, तेव्हा त्या उत्तरपत्रिका घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बघू." बाई म्हणाल्या, "बघा. मी बसते." दहावी मी शाळेतूनच दिली.

परवा गेले तर डॅनियल उलथनं घेऊन तयार. दारात सना उभी, बाईंची विद्यार्थिनी, यंदा नववीत. "ताई, मलापन सतरा नंबरनं बस म्हनत्यात. आता कुनाकडं जायचं?"

डॅनियलनं उलथनं खाली ठेवलं. मी बाईंच्याच पातेल्यात खळ शिजवली; गुठळ्या झाल्या. सनानं भूकंपावरचं पत्रक पुढं केलं: "जमीन हलते, सरकार झोपते!" मी पान नीट वाचलं. भूकंप कशानं होतो, ते कुठंच नव्हतं.

मी पातेलं मागं ओढलं.