ड्रॉवरमधला अर्ज

संविधान दिनाला नायगावात माझं व्याख्यान होतं. मी नांदेडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि माइक हातात आला की मला आवरणं अवघड. मी थेट जर्मनीत पोचलो. तिथं खालची कोर्टं संपली की नागरिक घटनेच्या कोर्टाला स्वतः पत्र लिहितो; वकील नाही, फी नाही. मग कोलंबियात शिरलो. तिथं घाईच्या वेळी तोंडी गाऱ्हाणंही चालतं आणि दहा दिवसांत निकाल द्यावा लागतो. आपल्याकडंही साध्या पत्राची याचिका झालेली आहे, असं सांगून टाळ्या घेतल्या.

पुढच्या आठवड्यात नायगावजवळच्या खेड्यातली एक बाई एसटीनं कॉलेजात आली. व्याख्यानाला ती होती. वहीच्या पानावर अर्ज लिहून आणला होता. त्यांच्या बौद्ध वस्तीची मसणवाट्याची वाट एका शेतकऱ्यानं काट्या टाकून अडवली होती. मयत ओढ्याच्या गाळातून न्यावी लागायची. तहसीलला अर्ज देऊन ती थकली होती.

"सर, तुमी म्हनलात पत्र चालतं. सासू अंथरुणाला खिळलीय. तिला तरी वाटेनं न्यावं वाटतंय."

शेतकऱ्याचं नाव वाचलं आणि मी कागदाची घडी घातली. तो माझा सख्खा मेहुणा, बायकोचा भाऊ.

"भाषा जरा नीट करावी लागेल," मी म्हणालो. "ठेवून जा." मास्तर माणसाला दुसऱ्याच्या कागदात चूक काढणं कधीच जड जात नाही. अर्ज ड्रॉवरमध्ये गेला. तिनं दोनदा फोन केला, दोन्ही वेळा मी मीटिंगचं खोटं कारण सांगितलं. बायकोजवळ अवाक्षर काढलं नाही. मेहुण्यानं हुरड्याला बोलावलं, तर गेलोसुद्धा. त्या काट्यांपासून हाकेच्या अंतरावर बसून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर हुरडा खाल्ला. लाज वाटत होती, पण हात थांबला नाही.

महिन्याभरानं ती पुन्हा आली. "सासू गेली. गाळातूनच नेली. कागद वापस द्या."

मी काढून दिला. त्यात एका अक्षराचीही दुरुस्ती केली नव्हती, करण्यासारखं काही नव्हतंच. खाली मान घालून म्हणालो, "ताई, ते शेत माझ्या मेहुण्याचं आहे."

"ठाऊक हाय. तुमच्या लग्नाचा मांडव माझ्या मालकानंच घातला व्हता. म्हनून तर तुमच्याकडं आले. म्हनलं, कोर्टाची पाळी येनार न्हाई, सर घरातल्या घरात एक शब्द टाकतील."

तो शब्द मी अजून टाकलेला नाही.