नोएलियाच्या हातातली सुरी

नोएलिया सहा भावंडांत थोरली. भाऊ मेदेयीन शहरात गेले, बहिणी सासरी गेल्या आणि आजारी आई, डोन्या रोसमीरा, तिच्या वाट्याला आली. आमच्या डोंगरात ह्या दुखण्याला बोबेरा म्हणतात, खुळेपण; आधी विसर पडतो, मग घरची माणसंही ओळखू येत नाहीत. ते रक्तातून येतं. रोसमीराला सेहेचाळिसाव्या वर्षी आलं, तिच्या बहिणीला बेचाळिसाव्या. यंदा नोएलियाला चाळिसावं लागलं.

अकरा वर्षं आई रात्रभर दारं वाजवायची आणि दिवसा लेकीला चोरटी मोलकरीण म्हणायची. भाऊ फोनवर उपदेश करायचे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! नोएलिया रोज सकाळी अंथरुणातच भावंडांची नावं उलटीकडून म्हणून बघायची. एखादं अडकलं की वाटायचं, आलंच ते. हे मला नंतर कळलं.

आमच्या गल्लीतला आन्सेल्मो सुतार वारला तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्या घरी नऊ संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना होती. गल्लीत कुणी गेलं की प्रार्थना नोएलियानंच सांगायची, तिचं पाठांतरच तसं. माळेचे पाच भाग. तिसऱ्या संध्याकाळी तिनं दुसऱ्या भागानंतर थेट पाचवा धरला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नंतर ती स्वयंपाकघरात कांदा चिरायला बसली आणि मी, तिची शेजारीण तुलिया, तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली. बोबेराच्या माणसाजवळ आम्ही सुरी ठेवत नाही. नोएलिया पांढरीफटक पडली. तोंडानं मी एक अक्षर काढलं नाही, पण हातानं गावभर दवंडी पिटली.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रार्थनेला आलीच नाही. मी गेले तर दार आतून बंद. खिडकीशी येऊन तिनं हळूच विचारलं, "तुलिया, मी अजून मीच आहे ना गं?"

रोसमीराला माझ्या लेकीजवळ बसवून मी नोएलियाला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तासभर प्रश्न विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, गोष्ट सांगून परत वदवून घेतली. शेवटी विचारलं, सलग रात्रभर झोपून किती दिवस झाले? नोएलियाला आठवेना. खरं तर आठवण्यासारखी तशी रात्रच नव्हती.

पुढचं आज कुणी सांगू शकत नाही, बाई म्हणाल्या, पण आत्ता हे बोबेरा दिसत नाही. झोप नाही आणि मन पार खचलंय. ह्याला गोळ्या लागतात आणि माणसंही लागतात.

मी तिथंच रडले. बाहेर आल्यावर म्हटलं, सुटलीस बाई. ती पायरीवर बसली. चेहऱ्यावर आनंद म्हणून नव्हता.

"मला वाटलं होतं, तेच असेल," ती म्हणाली. "म्हटलं, आता तरी कुणी मला भरवेल, निजवेल."

एवढी भीती मला बोबेराचीही कधी वाटली नव्हती. मी तिचा हात घट्ट धरला. म्हटलं, आईला मी माझ्याकडेच ठेवते, तू घरी जाऊन झोप.

"किती दिवस?" तिनं विचारलं.