नलूला हवा असलेला शेवट

परवा राजारामपुरीतल्या दवाखान्यात स्पिरिटचा वास आला आणि मला नलू आठवली. ऐंशीच्या दशकात, अकरावीत असताना, आम्ही दोघी मैत्रिणी अंतराळयुद्धाचा एक इंग्रजी सिनेमा पाहून वेड्या झालो होतो. शेवटी त्यातला वैमानिक जळत्या यानासकट अंधारात नाहीसा होतो. पुढचा भाग कोल्हापूरला कधी येईल कोण जाणे, म्हणून तो आम्हीच वहीत लिहायला घेतला.

मधेच नलूच्या हृदयाची झडप बिघडल्याचं कळलं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी वही घेऊन तिच्या खाटेशी बसले होते. खिडकीतून उन्हाची तिरीप तिच्या निळसर नखांवर पडली होती.

"त्याला जित्ता परत आण की गं," ती म्हणाली.

"न्हाय. मेलाय त्यो. मेला तरच गोष्टीत दम हाय."

"दोनच ओळी लिही. मला ऐकायचंय."

"आधी बरी होऊन ये, मग भांडू," म्हणत मी वही मिटली. ती वैमानिकाबद्दल बोलत नव्हती, हे मला तेव्हा समजलंच नाही.

नलू ऑपरेशनमधून उठली नाही.

वर्षभरानं तो पुढचा भाग लागला. मी एकटीच गेले. पडद्यावर धुरातून वैमानिक चालत बाहेर आला आणि सगळं थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. मी लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर पडले. पुढं त्याचं काय झालं, मला आजही माहीत नाही.