खोबरेल पाजलेली बंदूक

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाई स्वतःला फार शहाणी समजते. निदान मी समजायचे. सिंगापुरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि हौगांगच्या फ्लॅटमधल्या पोळ्या लाटून झाल्या की मी छऱ्याची बंदूक चालवायला जायचे. नातवंडांना हे सांगितलं की ती आधी माझ्याकडे बघतात, मग त्यांच्या आईकडे.

त्यांची आई, म्हणजे माझी लेक, तेव्हा चौदाची. शाळेच्या एअर रायफल टीममध्ये होती. तिच्या सरावाला सोबत म्हणून मी क्लबात जायचे आणि बाकावर विणत बसायचे. एक दिवस विणकाम ठेवून बंदूक उचलली, ती खाली ठेवायचं नाव नाही.

पुढे क्लबाने पालक आणि मूल अशा जोड्यांची स्पर्धा ठरवली. मी मनात साडीसुद्धा निवडून ठेवली.

"शनिवारी दहा शॉट्स मार," लेक म्हणाली. "आठ काळ्या गोलात गेले तर तू. नाहीतर मी बाबांना घेणार."

"बाबांना? त्यांनी आयुष्यात जत्रेतले तीन फुगे फोडलेत!"

"ॲट लीस्ट बाबा सांगितलेलं ऐकतात लाह." वाक्याला सिंगापुरी 'लाह'ची शेपटी ती हटकून लावायची.

हे मात्र झोंबलं. लेक आपल्याला सोडून नवऱ्याला निवडणार, या कल्पनेने मला जेवण जाईना. म्हणजे दोन पोळ्या कमी.

माझ्या वाट्याला क्लबातली सगळ्यात स्वस्त बंदूक होती. मधून मोडायची, छर्रा घालायचा, पुन्हा सरळ करायची. दस्त्याचं पॉलिश उडालेलं. पण तिच्यातून दहात सहा माझे लागत होते. आणखी दोन हवे होते, आणि त्याच आठवड्यात खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे विळीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते. मग बंदुकीनेच काय पाप केलं होतं? क्लबातल्या कोचना, सगळे त्यांना अंकल म्हणत, मी रीतसर विचारलं. ते निवृत्त चिनी गृहस्थ, घरी रोज उदबत्ती लावणारे. "कॅन, कॅन," म्हणाले, म्हणजे चालेल. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. इथवर ठीक होतं. पण शिवणयंत्राला पूजेच्या दिवशी तेलही देतात, म्हणून अंकलची पाठ वळताच मी खोबरेलात भिजवलेली वात बंदुकीच्या नळीतही फिरवली. सढळ हाताने. स्वतःवर इतकी खूश होते की येताना बसमध्ये गुणगुणत होते.

गुरुवारी पहिला छर्रा सुटला तो फटाक्यासारखा. नळीतून धूर आला. दुसरा नेमाच्या कार्डाच्या वर गेला, तिसरा खाली, चौथा कुठे गेला हे तो छर्राच जाणे.

"बंदूकच भिकार आहे!" मी जाहीर केलं. शेजारच्या लेनमधून लेकीने डोळे मिटून घेतले.

अंकल आले, वाकले आणि त्यांनी हवा हुंगली. "आँटी, यू फ्राय व्हॉट?"

मला कबूल करावंच लागलं. अंकल इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग त्यांनी समजावलं: हवा आत जोरात दाबली जाते, तापते, आणि तेल भडकतं. दर वेळी वेगळं भडकतं, म्हणून छर्राही दर वेळी वेगळ्या जोराने सुटतो. त्यांनी नळीतून कोरड्या कापडाच्या पट्ट्या ओढल्या. पहिली पिवळी, पाचवी पांढरी. "आता धूर थांबेपर्यंत मारत बसा," म्हणाले.

मी मारत बसले. तोवर त्यांनी माझे बाकीचे पराक्रमही शोधून काढले. दस्त्याचे स्क्रू बोटाने फिरतील इतके ढिले होते. मी कधी हात लावून बघितलंच नव्हतं. छर्रे मी काटकसरीने वेगवेगळ्या डब्यांतले उरलेसुरले गोळा करून आणायचे. त्यांनी एकच डबा हातात दिला. आणि माझी पकड! मी बंदूक अशी आवळायचे, जणू ती पळून जाणार आहे.

"आतली स्प्रिंग उडी मारते," अंकल म्हणाले. "मारू द्या. नुसती तळहातावर ठेवा."

मला तव्यावरची पुरणपोळी आठवली. तीही हलक्या हाताने पेलायची असते, दाबली की फाटते. तसा हात ठेवला आणि पाच छर्रे एका बटणाएवढ्या जागेत जाऊन बसले. मी बंदुकीची मनातल्या मनात माफी मागितली.

शनिवारी नवराही आला होता. बाकावर पेपर वाचत होता, पण पान उलटत नव्हता. आठ छऱ्यांत माझे सहा आत, दोन बाहेर. नववा आत. दहाव्याला मी इतका वेळ श्वास रोखला की अंकल ओरडले, "आँटी, ब्रीद!" श्वास सोडला, पुन्हा नेम धरला, चाप ओढला.

कार्ड जवळ आलं. दहावं भोक काळ्या गोलाच्या अगदी काठावर.

"आउट," लेक म्हणाली.

"रेषेला शिवला तरी धरतात," मी म्हणाले.

"शिवलाय का पण?"

अंकलनी भिंग तिच्याच हातात दिलं. ती वाकली. किती वेळ बघत होती! शेवटी सरळ झाली, दप्तरातून स्पर्धेचा फॉर्म काढला. त्यावर बाबांचं नाव लिहून तयार होतं, तेही पेनने. तिने ते खोडलं आणि वर दाटीवाटीने माझं लिहिलं.

"शिवलाय. पण आई, तिथे कोणाशी बोलायचं नाही, प्लीज."

"नाही बोलणार गं!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की चारही लेनमधले लोक वळून बघू लागले.

बाकावरून आवाज आला, "सुटलो बुवा!" आणि पेपरचं पान उलटलं.